न कुजलेला चोळणा

"गावाचं मुतलेलं पाणी मी मेलो तरी माझ्या लिंबांना पाजणार नाही," असं कासिमिरो अकरा वर्षं सांगत होता, आणि त्याची लिंबं बिचारी अकरा वर्षं तहानेने मरत होती.

आमच्या गावाच्या, तोर्रेसेकाच्या, खालच्या अंगाला, कोरड्या ओढ्यापलीकडे, सांडपाण्याचा प्रकल्प झाला त्यालाही तेवढीच वर्षं झाली. गावातून जे जे खाली वाहतं ते सगळं तिथे जातं. टाक्यांमधून फिरतं, गाळलं जातं, वरून त्याला कसले तरी निळे दिवे दाखवतात, आणि मग जांभळ्या नळातून ते परत शेतावर येतं. नळ जांभळा का, तर कुणी चुकून तोंड लावू नये म्हणून. आता पाऊस आमच्याकडे वर्षातून दोन-तीनदा तोंड दाखवतो, आणि येतो तेव्हा बांध फोडून जातो. त्यामुळे सुरुवातीला नाकं मुरडणाऱ्यांनी एकेक करून गुपचूप जांभळा नळ घेतला. राहता राहिला एक कासिमिरो. त्याच्याकडे विहीर होती, एकशे ऐंशी मीटर खोल. तिचं पाणी इतकं खारट की त्यात कोळंबी उकडली तर वरून मीठ घालायला नको.

"विहिरीचं पाणी देवाने दिलेलं आहे," कासिमिरो म्हणायचा.

"आणि आमचं?" त्याचा मेव्हणा हिनेस विचारायचा. "आमचं काय सैतानाने दिलंय? त्यातलं निम्मं तर तुझंच आहे. तू बारमध्ये रोज पाच-पाच ग्लास बिअर पितोस, ती कुठे जाते?"

हिनेस म्हणजे कासिमिरोच्या बायकोचा भाऊ. शेजारचा मळा त्याचा, मध्ये हातभर उंचीची दगडी भिंत. शिवाय तो पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघाचा अध्यक्ष. एकाच माणसाकडे मेव्हणेपण, शेजार आणि अध्यक्षपद ही तिन्ही हत्यारं असल्यावर कासिमिरोने करायचं काय? तो भांडायचा. आणि त्याचं भांडण अगदीच अर्थहीन होतं असंही नाही.

"तुझी बायको रक्तदाबाच्या तीन गोळ्या घेते," तो भिंतीवर वाकून हिनेसला म्हणायचा. "त्या गोळ्या पोटातून संडासात, संडासातून टाकीत, टाकीतून लिंबात. लिंबांना कधी रक्तदाब झालेला ऐकलायस? वर साबण, वर मीठ, वर ते बोरॉन. तुझ्या पानांची टोकं पिवळी पडलीत, मला काय दिसत नाही? अरे, मातीत जीव असतो, मेव्हण्या! तू तिला विष पाजतोयस."

मातीबद्दल मात्र तो मनापासून बोलायचा. मातीवर त्याचं प्रेम होतं, आणि ते दाखवायची त्याची पद्धत म्हणजे साफसफाई. त्याच्या मळ्यात गवताची काडी दिसायची नाही. वर्षातून चारदा तणनाशक मारायचा, पडलेलं पान न् पान दाताळ्याने ओढून जाळायचा, छाटलेली फांदी तासभरसुद्धा जमिनीवर पडू द्यायचा नाही. "माझ्या मळ्यात भात सांडला तर चमच्याने उचलून खा," असं तो पाहुण्यांना सांगायचा. रोज सकाळी मूठभर माती उचलून हुंगायचा आणि समाधानाने मान हलवायचा. वास कसलाच नसायचा. स्वच्छ.

पण दोनशे चाळीस झाडांतली तीस वाळून गेली होती आणि आणखी पन्नास त्याच वाटेवर होती. त्यातच यंदा संघाने जाहीर केलं की जांभळ्या पाण्याचा एकच हिस्सा शिल्लक आहे, आणि जूनअखेर कुणी घेतला नाही तर तो पलीकडच्या गोल्फच्या मैदानाला जाईल. म्हणजे तोर्रेसेकाच्या लोकांनी आपापल्या घरी बसून मन लावून तयार केलेलं पाणी पिऊन उन्हासाठी आमच्याकडे येऊन राहिलेल्या इंग्रज म्हाताऱ्यांसाठी हिरवळ वाढणार, आणि कासिमिरोची लिंबं उभ्या उभ्या लाकूड होणार.

"सही करून टाक," त्याची बायको साल्वादोरा म्हणाली.

"नाही."

"मग गोल्फ शिक," ती म्हणाली.

एप्रिलमध्ये, ईस्टरनंतरचा मळेकऱ्यांचा सण नुकताच उरकला होता, तेव्हा मुर्सिया शहरातून मातीची एक डॉक्टर आली. रोसाउरा तिचं नाव. तिशीची, पायात मळके बूट, आवाज खणखणीत. पहिला अर्धा तास लोकांनी तिला गुडघे दाखवण्यात घालवला, कारण डॉक्टर म्हटल्यावर डॉक्टर. मग संघाच्या हॉलमध्ये ती उभी राहिली आणि म्हणाली, "मला प्रत्येकाची एकेक चड्डी हवी आहे."

हॉलमध्ये जो गलका झाला तो झाला. मागून कुणीतरी विचारलं, "घातलेली की काढलेली?"

"धुतलेली," रोसाउरा शांतपणे म्हणाली. "शंभर टक्के सुती. प्रत्येकाने आपल्या मळ्यात वीतभर खोल पुरायची. दोन महिन्यांनी आपण सगळ्यांच्या उकरून काढू. कुणाची माती कशी आहे ते ती चड्डीच सांगेल. जांभळं पाणी घेणाऱ्यांचीही आणि विहिरीचं घेणाऱ्यांचीही."

"विहीरवाला एकच आहे," हिनेस म्हणाला, "आणि त्याच्या चड्डीला त्याची बायकोसुद्धा घाबरते."

लोक हसले. कासिमिरो ताडकन उठला. कान लाल झालेले. "ठीक आहे! कपडाच सांगू दे. दोन महिन्यांनी तुझी चड्डी आणि माझी चड्डी शेजारी शेजारी टांगा. माझी माती हरली तर सगळ्यांच्या देखत जांभळ्या नळावर सही करीन. आणि तू हरलास तर माझ्या भिंतीजवळ पुन्हा तोंड उघडायचं नाहीस." एवढं बोलून तो दार आपटून निघून गेला. त्यानंतर रोसाउराने हरणं म्हणजे काय आणि जिंकणं म्हणजे काय हे चित्रं काढून समजावलं, पण ते ऐकायला तो होताच कुठे?

घरी येऊन त्याने कपाट उघडलं आणि आतून सणाचा चोळणा काढला. गुडघ्यापर्यंतचा, घेरदार, पांढराशुभ्र चोळणा. आमच्याकडे दर वसंतात मळेकऱ्यांच्या मिरवणुकीत बाप्ये तो घालतात. कासिमिरोचा चोळणा चाळीस वर्षांचा होता. तो घालून तो पहिल्यांदा साल्वादोराबरोबर नाचला होता, आणि पोट सुटत गेलं तसा तिने तो चारदा उसवून पुन्हा शिवला होता. गेल्या वर्षी तिने सुताची नाडी काढून नायलॉनची घातली, त्यावरून त्याने आठवडाभर कुरकुर केली होती.

"हा?" साल्वादोराने विचारलं. "अरे, डोकं फिरलं का तुझं? जुनी चड्डी घे. दहा पडल्यात."

"माझी माती काय दुकानातली तीनच्या पाकिटातली चड्डी घेणार? मानाचा कपडा द्यायचा. निघेल तेव्हा बघशील, डाग नसेल त्याच्यावर. माझी माती स्वच्छ आहे."

साल्वादोरा हॉलमध्ये शेवटपर्यंत बसली होती. "ऐक तरी आधी," ती म्हणाली. "ती मुलगी काय म्हणाली—"

"साल्वादोरा! चाळीस वर्षं मी माती कसतोय. मातीबद्दल मला कालच्या पोरीने शिकवायचं नाही, आणि हिनेसच्या बहिणीने तर मुळीच नाही."

हिनेसची बहीण त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते कासिमिरोने पाहिलं असतं तर तो तिथेच खुर्ची ओढून बसला असता आणि म्हणाला असता, सांग बाई. पण तो चोळण्याची घडी घालत होता.

"बरं," ती म्हणाली.

त्याने चोळणा तिसऱ्या ओळीत, ठिबकच्या नळीखाली पुरला. वर काठी रोवली, काठीवर रोसाउराने दिलेला आकडा लावला: सतरा.

पुढचे दोन महिने गावात दुसरा विषय नव्हता. बारमध्ये कासिमिरो आला की हिनेस विचारायचा, "काय मेव्हण्या, सतरा नंबर कसा आहे? गारठला तर नाही ना? एखादा पायमोजा सोबतीला पुरायचा होतास." कासिमिरो लिंबू पिळून आपली बिअर प्यायचा आणि मिशीत हसायचा. पण आत त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मे महिन्यात पंपाजवळचं झाड गेलं. ते झाड त्याने बापाबरोबर लावलं होतं, त्याच्या सावलीत तो रोज दुपारी डबा खायचा. एका आठवड्यात पानं गुंडाळली, दुसऱ्यात गळली. तो बुंध्याशी उभा राहिला. खरं सांगायचं तर तो भ्यायला. त्याला वाटलं, मी चुकत तर नाही ना? आणि लगेच दाताळं घेऊन त्याने गळलेली पानं गोळा करून जाळली, झाडाखाली घाण नको म्हणून.

जूनच्या शेवटच्या शनिवारी सकाळी, म्हणजे निकालाच्या आदल्या दिवशी, त्याच्याच्याने राहवेना. त्याने फावड्याने हळूच सतरा नंबर उकरला. माती झटकली. चोळणा जसाच्या तसा. एक धागा सुटला नव्हता, एक छिद्र नव्हतं, कुठे बुरशीचा ठिपका नव्हता. साल्वादोराची बारीक शिवण टाक्यान् टाक्याने मोजता येत होती. कासिमिरो मातीत मांडी घालून बसला आणि त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. "शाब्बास," तो जमिनीवर थाप मारून म्हणाला. "शाब्बास माझी बाई."

घरी आणून त्याने तो धुतला आणि साल्वादोराच्या पुढे धरला. "इस्त्री कर. उद्या घालून जाणार आहे."

"घालून?"

"घालून! हातात धरून दाखवला तर म्हणतील दुसराच आणलाय. माझ्या ढुंगणावर दिसला की कळेल."

साल्वादोराने इस्त्री तापत ठेवली. एक शब्द न बोलता तिने घेराची एकेक चुणी दाबून काढली. अडतीस वर्षांच्या संसारात ती गप्प राहून इस्त्री करतेय असं कधी झालं नव्हतं, हेसुद्धा त्या शहाण्याच्या लक्षात आलं नाही.

रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, संघाच्या अंगणात दोरी बांधली होती आणि दोरीला चिमट्यांनी सगळ्या गावाची अब्रू टांगली होती. चर्चमधून परतणाऱ्या बायका क्रूसाची खूण करत होत्या आणि बोटांच्या फटीतून बघत होत्या. अर्ध्या खाल्लेल्या चड्ड्या, चाळण झालेल्या चड्ड्या, एक पाय उरलेली, एक नुसतं बूड उरलेली. आणि मधोमध, नऊ नंबरच्या चिमट्याला, हिनेसची: कमरेचं इलास्टिक, त्याला लोंबणारं कंपनीचं लेबल, बाकी हवा.

कासिमिरो फाटकातून आत आला. वर बनियन, खाली पांढराशुभ्र घेरदार चोळणा, पायात दोरीच्या चपला. अडतीस डिग्री उन्हात, जूनमध्ये, सण नाही, वाजंत्री नाही, आणि हा बाबा नवरदेवासारखा ऐटीत चाललेला. त्याने दोरीकडे बघितलं, हिनेसचं इलास्टिक बघितलं आणि त्याला असं हसू फुटलं की पोट धरून खाली बसावं लागलं.

"खाल्ली! अरे मेव्हण्या, तुझ्या गटाराने तुझी चड्डी खाल्ली! एवढं जहाल पाणी! आणि आता इकडे बघा." तो उठून गर्रकन फिरला, चोळण्याचा घेर फुलला. "सतरा नंबर! दोन महिने मातीत! मागून बघा, पुढून बघा. एक छिद्र दाखवा, जेवण माझ्याकडून!"

 अंगणात साठ-सत्तर माणसं, आणि त्यातलं एकही खोकेना. कासिमिरोने आणखी एक गिरकी घेतली, पण ती अर्ध्यावरच थांबली. त्याने हिनेसकडे बघितलं. हा माणूस स्वतःच्या बापाच्या मयतीलाही विनोद करणारा, आणि तो मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत होता.

"हस ना," कासिमिरो म्हणाला. "काय झालं? हस!"

रोसाउरा पुढे आली. तिने चोळण्याचं टोक चिमटीत धरून बघितलं, जसं आजाऱ्याचं मनगट धरतात तसं. "काका," ती म्हणाली, "सुती कपडा मातीतले जीव खातात. जिवाणू, बुरशी, सगळी मंडळी. त्यांना तो जेवणासारखा आहे. माती जितकी जिवंत, तितका कपडा लवकर संपतो. तुमचा कुणी खाल्लाच नाही. खायला कुणी उरलंच नाही तिथे."

"कुणी नाही?"

"फार थोडे. ते मीठ, ते तणनाशक. आणि तुम्ही पानंही उचलून जाळता ना? म्हणजे त्यांच्या पुढ्यातलं ताटच काढून घेतलंत."

तिने टेबलावरून दोन बरण्या आणल्या. एकीत हिनेसची माती, दुसरीत त्याची; एप्रिलमध्ये तिने तपासायला नेलेली. "वास घ्या," म्हणाली. हिनेसच्या बरणीत त्याने नाक घातलं. ओल, कुजलेली पानं, अळंबी, बापाच्या कोटाला यायचा तो वास. आपल्या बरणीत घातलं. काही नाही. रोज सकाळी येत होतं तेच काही नाही. अकरा वर्षं तो रोज मूठ भरून ते हुंगत होता आणि समाधानाने मान डोलवत होता. हिनेसने त्याच्या हातातली बरणी हळूच काढून घेतली.

"मी मारली," कासिमिरो म्हणाला. "मीच मारली तिला."

"मेलेली नाही," रोसाउरा म्हणाली. "उपाशी आहे. जांभळ्या पाण्यात तुमच्या विहिरीच्या मानाने मीठ निम्मं आहे, वर थोडं खत आपसूक आहे. शेणखत घाला, फांद्यांचा भुगा पसरा, झाडू मारायचं बंद करा. मंडळी परत येतील. सगळी तीच येतील असं नाही, हिनेसकाकांकडेही काही जुनी गेलीत आणि काही नवी आलीत."

कासिमिरोने मान वर केली. एवढ्यातही त्याच्यातला भांडखोर जागा झाला. "आणि ते बोरॉन? त्या गोळ्या?"

"आहेत ना. बोरॉन साठतं, पानांची टोकं त्यानेच पिवळी पडलीत. गोळ्यांचेही अंश सापडतात. म्हणून तर मी दर वर्षी माती तपासायला येणार. ते पाणी तीर्थ नाही, काका. नुसतं तुमच्या विहिरीपेक्षा बरं आहे."

"म्हणजे मी अगदीच गाढव नव्हतो."

"अगदीच नाही," मागून साल्वादोरा म्हणाली. "पाऊण."

तेव्हा कुठे अंगण हसलं. हिनेसने कागद पुढे केला. कासिमिरोने पेन काढायला खिसा चाचपला, आणि चोळण्याला खिसा नसतो हे चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं. हिनेसने आपलं पेन दिलं. त्याने सही केली आणि तसाच, बनियन आणि चोळण्यावर, सगळ्या गावातून चालत घरी गेला.

घरी पोचल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "तुला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून," साल्वादोरा टोमॅटो चिरत म्हणाली. "सांगायला आले होते. तू म्हणालास, हिनेसच्या बहिणीने शिकवायचं नाही. नाही शिकवलं."

"मग इस्त्री कशाला केलीस?"

"बिनइस्त्रीचा घालून गेला असतास तर गावाने मला नावं ठेवली असती." मग तिने सुरी खाली ठेवली आणि त्याच्याकडे वळली. आवाज उतरला होता तिचा. "तुझं ऐकून ऐकून पंपाजवळचं झाड गेलं रे. मलाही आवडायचं ते. तुझ्या डब्यातलं निम्मं मीच खायचे त्याच्याखाली."

 त्याच संध्याकाळी ऊन उतरल्यावर हिनेस आपल्या बकऱ्यांच्या लेंड्यांची गाडी भरून घेऊन आला आणि तिसऱ्या ओळीत कासिमिरोने तोच चोळणा, तोच सतरा नंबरचा खड्डा पुन्हा खणून आत ठेवला. या वेळी वर लेंड्या टाकल्या, पानं टाकली, फांद्यांचा भुगा टाकला. सगळी घाण. त्याचे हात अडखळत होते. "जेवा," तो खड्ड्यात बघून म्हणाला. "कुणी असाल तर जेवा."

जांभळा नळ जुलैत आला. पहिले काही महिने कासिमिरो आजाऱ्यासारखा दिसायचा. गवत उगवायचं आणि त्याचे हात दाताळ्याकडे जायचे, साल्वादोराने शेवटी दाताळं माळ्यावर टाकून शिडी हिनेसकडे दिली. आणखी चोवीस झाडं गेलीच, ती काही वाचली नाहीत. पण डिसेंबरात उरलेल्यांना पालवी दिसली, फेब्रुवारीत फुलं. रोज सकाळी तो मूठ उचलून हुंगायचा. काही नाही. काही नाही. मार्चमध्ये एकदा पावसाचा शिडकावा झाला, आणि त्याने मूठ नाकाशी धरली आणि तशीच धरून ठेवली.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी सणाची मिरवणूक होती. सकाळी साल्वादोरा सणाच्या घागऱ्यात, केसांत फुलं माळून तयार होऊन दारात आली, तर नवरा तिसऱ्या ओळीत गुडघे टेकून बसलेला. सतरा नंबर उकरलेला. कोपरापर्यंत हात मातीत.

"मिळाला का?" तिने लांबूनच विचारलं.

तो माती चाळत राहिला. मग मूठ वर केली. मुठीत नायलॉनची नाडी लोंबत होती, आणि तिच्या एका टोकाला गांडूळ चिकटलेलं होतं. बाकी चाळीस वर्षांचा चोळणा, चार वेळा उसवून शिवलेला, एक धागा उरला नव्हता.

"साल्वादोरा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "सगळा खाल्ला. टाकेसुद्धा खाल्ले तुझे."

"आता घालणार काय तू?" ती म्हणाली, पण तीही रडत होती.

त्याने गांडूळ अलगद परत खड्ड्यात सोडलं. नाडी न धुताच आपल्या रोजच्या काळ्या पँटवर कमरेला बांधली, गाठ मारली आणि बायकोचा हात धरला. मिरवणुकीत शेकडो पांढऱ्या चोळण्यांमध्ये हा एकटा पँटवाला चालला होता, कमरेला मातकट दोरी. शहरातल्या कुणीतरी विचारलं, "आजोबा, चोळणा कुठे विसरलात?"

"विसरलो नाही," कासिमिरो म्हणाला, आणि हिनेसलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "घरी मंडळी जेवायला होती."